मास्तरांची हाक

नथनेल मास्तर पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायचे. जेवणाआधी आपण पाण्याखाली बोटं फिरवतो तसं नाही. साबण लावून, मनगटापर्यंत. मग पंच्याला पुसायचे, दोन्ही तळवे उन्हाकडे धरून कोरडे करायचे आणि मग पुस्तक उघडायचे. पुस्तक कोणतं, याचा सवाल नव्हता. पवित्र शास्त्र असो, पहिलीची अंकलिपी असो, नाहीतर रद्दीतून उचललेलं खुनाचं पुस्तक असो.

मी एकदा म्हटलं, "मास्तर, शास्त्राचं समजलं. खुनाच्या पुस्तकाले कायले हात धुता? त्यात तर आधीच रक्त सांडून राहिलं."

मास्तर म्हणाले, "मिस्त्री, तुया रंध्याले माहीत असते का गा, फळी पाटाची आहे का पेटीची?"

पेटी म्हणजे आमच्यात माणसाला पुरायची पेटी. ती मीच करायचो. गड्डीगोदामच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं कोणी गेलं की पाळकसाहेबांच्या आधी मला निरोप यायचा. माझं शिक्षण चौथीत थांबलं, पण त्या भागातल्या निम्म्या दारांच्या चौकटी माझ्या हातच्या आहेत आणि एकही अजून वाकली नाही. खोटं वाटत असेल त्याने ओळंबा घेऊन यावं. मास्तरांबद्दल मंडळीतल्या शिकलेल्या लोकांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे आणि त्यातलं निम्मं चूक आहे. म्हणून मी लिहायला बसलो. कोणाला माझं व्याकरण खुपलं तर खुपो.

मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. उंच, सडपातळ, मान थोडी पुढे आलेली. धोतरावर काळा कोट, तो नागपूरच्या मे महिन्यातही निघायचा नाही. डोक्याला काळी टोपी. पोरांना मारायचे नाहीत, पण पोरगं खोटं बोललं की त्याच्याकडे इतका वेळ नुसते पाहत राहायचे की पोरगं म्हणायचं, "गुरुजी, मारा ना एकदाचे."

हाती घेतलेलं पुस्तक ते अर्धं सोडायचे नाहीत. एकदा त्यांना एक खुनाचं पुस्तक मिळालं, त्याची शेवटची पानं फाटलेली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे ना बाप्पा. मास्तर आठवडाभर शाळा सुटली की सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरले. शेवटी एका दुकानात तेच पुस्तक धड मिळालं. दुकानदार म्हणाला, घ्यायचं तर अख्खं घ्या, शेवटचीच पानं कशी देऊ? मास्तरांनी दुकानदाराच्या माठातल्या पाण्याने हात धुतले, तिथंच उभ्याने शेवट वाचला आणि घरी आले. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, असं मास्तरीणबाई हसत सांगायच्या. तेव्हा त्या हसायच्या.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. ते साऱ्या मंडळीला पाठ होतं आणि काही लोकांच्या पोटात दुखायचं. "वाचल्याबिगर तोंड उघडू नये."

हे वाक्य ते कोणालाही ऐकवायचे. छप्पन सालानंतर आमच्या आजूबाजूची बरीच घरं बौद्ध झाली. बाहेरगावचा एक प्रचारक आमच्याकडे आला आणि भर उपासनेत त्या लोकांच्या ग्रंथांवर घसरला. मास्तर बाकावरून उठले. "साहेब, तुम्ही तो ग्रंथ वाचला आहे का?" प्रचारक म्हणाला, "असली पुस्तकं मी वाचत नाही." मास्तर म्हणाले, "मग साहेब, पुढचं गीत घेऊ या." आणि स्वतःच गीत सुरू केलं. सगळी मंडळी उभी राहून गायला लागली, प्रचारकाला खाली बसावं लागलं. ही गोष्ट नाक्यावरच्या वासनिकच्या कानावर गेली. वासनिक भाड्याने पुस्तकं द्यायचा, त्याचं लाकडी कपाट माझ्याच हातचं. तेव्हापासून नवं पुस्तक आलं की वासनिक ते पहिलं मास्तरांसाठी बाजूला ठेवायचा. दोघं कपाटापाशी उभे राहून तासन्‌तास बोलायचे. काय बोलायचे ते मला समजायचं नाही आणि समजून घ्यायची मला गरजही वाटली नाही.

मास्तरांना एकच मुलगी होती. शालिनी. टायफॉइडने गेली तेव्हा ती शाळेत जाणारी होती, मास्तरांच्याच वर्गात बसायची. तिची पेटी मी केली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्यानंतरही मास्तर बायकोला "शालूची आई" असंच म्हणायचे. लोकांना वाटायचं, असं कशाला म्हणतात, बाईला दुःख होत असेल. दुःख होत नव्हतं. बाईला ती हाक पाहिजे असायची.

आता दुसरी हाक सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

आमच्यात ईस्टरच्या आदल्या दिवशी कब्रस्थानात जाऊन कबरींना चुना मारतात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सगळी मंडळी तिथे जमते. प्रत्येक जण आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतो आणि गुमान उभा राहतो. कोणी बोलत नाही. अंधारात नुसत्या ज्योती आणि पांढऱ्या कबरी. पूर्वेकडे थोडं फटफटलं की एकाने मोठ्याने हाक द्यायची, "प्रभू उठला आहे!" आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" मग रडणारे रडतात, गाणारे गातात, आणि घरून आणलेला चहा तिथंच वाटला जातो.

ती हाक मास्तर द्यायचे. शालिनी गेल्यावर पहिल्या ईस्टरला पाळकसाहेबांनी विचारलं होतं, यंदा दुसऱ्या कोणाला सांगू का? मास्तर म्हणाले, "यंदाच तर मले द्यायची आहे." ते शालिनीच्या कबरीपाशी उभे राहायचे, टोपी काढून काखेत धरायचे आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज असतो ना, त्याच्या चौपट आवाजात हाक द्यायचे. रेल्वेचं फाटक तिथून बरंच लांब. पण फाटकवाला मला म्हणायचा, "आज तुमच्या मास्तरनं मलेच उठवलं." मी पुष्कळांच्या हाका ऐकल्या, पुढेही ऐकल्या. मास्तरांची हाक ऐकून वाटायचं, हा माणूस आताच पाहून आला आहे आणि धावत येऊन सांगतो आहे. मास्तरीणबाई शेजारी उभ्या असायच्या. वर्षभर वाकून चालणारी बाई त्या दिवशी ताठ चालत घरी जायची. माझी घरची म्हणायची, "बाईचं वर्षाचं राशन आज भरलं."

हे असं चाललं होतं, आणि ती कादंबरी आली.

चंद्रावर माणूस उतरला त्याच्यानंतर दोन-चार वर्षांतली गोष्ट असेल. मराठीतच होती, प्रभूच्या मरणावर. कोणी लिहिली ते मी सांगणार नाही, त्याचं नाव चालू ठेवायचं काम माझं नाही. ती कुठल्याशा साप्ताहिकात आधी आली, मग पुस्तक झालं, आणि कॉलेजातल्या पोट्ट्यांपासून कोर्टातल्या कारकुनांपर्यंत सारे वाचायला लागले. गिरणीत, सायकलच्या दुकानात लोक आमच्या माणसांना विचारायचे, "काहून गा, तुमचा देव उठलाच नाही म्हणते!" आणि हसायचे. ऐकून घ्यायला बरं वाटत नव्हतं.

आमच्या पंचांमध्ये एक गार्डसाहेब होते. रेल्वेतून रिटायर झालेले. पांढरी मिशी, बोलताना हात असा वर करायचे की जणू गाडी सोडताहेत. त्यांनी रविवारी उपासना झाल्यावर उभं राहून सांगितलं, "आता लाल झेंडी दाखवायची वेळ आली. कलेक्टरला अर्ज करू. पुस्तकावर बंदी आली पाहिजे. आणि एक प्रत कंपाउंडात जाळू."

पाळकसाहेब भले माणूस, पण त्यांची मान दोन्ही बाजूंना हलायची. ते म्हणाले, "अर्जात लिहायचं काय? आत काय आहे ते कोणाला ठाऊक आहे का?"

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. वाचलं असं कोण कबूल करणार? ज्या दोन-तीन पोट्ट्यांनी वाचलं होतं ते बुटाकडे पाहत होते.

गार्डसाहेब म्हणाले, "विश्वासी माणसानं ते वाचायचं कायले?"

मास्तर उठले. "वाचल्याबिगर तोंड उघडू नये."

तेव्हा गार्डसाहेबांना एक युक्ती सुचली. आमची मंडळी सोडून असली युक्ती जगात कोणाला सुचली नसती. सगळ्यांनी ते पुस्तक वाचून विटाळायचं नाही. ज्याचा विश्वास सगळ्यांत पक्का, अशा एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने वाचायचं आणि काय काय खोटं आहे ते येऊन सांगायचं. त्याच्या शब्दावर बाकीचे सही करतील. आता असा माणूस कोण? नाव सांगायची गरजच नव्हती. साऱ्या माना मास्तरांकडे वळल्या.

मास्तरीणबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाले द्या ना." पण बायकांच्या बाजूचं तेव्हा कोण ऐकायचं.

मग निघालं की पुस्तक आणायचं कुठून. विकत घ्यावं तर पैसा त्या लेखकालाच जाणार. गार्डसाहेब म्हणाले, "पाप विकत घ्यायचं नाही. भाड्यानं आणा." तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मग जाळता येणार नाही, साहेब. वासनिकले वापस द्यावं लागन." मंडळी हसली. गार्डसाहेबांनी हात खाली केला आणि जाळायचं राहिलं.

मास्तरीणबाईंनी ते पुस्तक घराच्या चौकटीच्या आत येऊ दिलं नाही. म्हणून मास्तरांनी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि ते ओसरीवरच्या रांजणाच्या झाकणावर राहायचं. ओसरीवरच बसून वाचायचे. मी त्या दिवसांत त्यांच्या खिडकीची झडप बसवत होतो, म्हणून मला दिसायचं. पहिले दोन दिवस मास्तर मजेत होते. मधेच हसायचे, म्हणायचे, "मिस्त्री, याले बैलगाडीही माहीत नाही आणि उंटाचं वर्णन करून राहिला." एकदा म्हणाले, "इथी फसला बेटा." मला वाटलं, गेलं हे पुस्तक, मास्तर आता याची सालं काढतील.

तिसऱ्या दिवशी, का चौथ्या, ते वाचता वाचता थांबले. पुस्तकात बोट ठेवून मिटलं आणि अंगणात पाहत बसले. अंगणात काही नव्हतं, एक कोंबडी माती उकरत होती. मग उठले, रांजणातलं पाणी घेतलं, हात धुतले. आधी धुतलेलेच होते.

मी विचारलं, "काय मास्तर, घाण लागली काय?"

"नाही गा. थंड पाणी पाहिजे होतं."

मी पटाशी खाली ठेवली. मग त्यांनी मला सांगितलं. ते पुस्तक मी वाचलेलं नाही आणि वाचणार नाही, मास्तरांनी सांगितलं तेवढंच मला माहीत. त्यात असं होतं की ते थडगं उसनं होतं, मालकाला मोकळं पाहिजे होतं. दोन मजुरांनी प्रभूचं शरीर गुपचूप उचलून दूर एका शेतात पुरलं. सकाळी बाया आल्या तर थडगं रिकामं. उठला, उठला, असा गलका झाला. मग दोघांतला एक मजूर भिऊन मरियेकडे, आईकडे गेला आणि तिला खरं सांगितलं. ती ऐकत असताना घरात शिष्य जेवत होते. तीन दिवस ज्यांनी अन्नाला हात लावला नव्हता ते जेवत होते, हसत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मजुराला म्हणाली, कोणाला सांगू नको. आणि घडा उचलून पाण्याला गेली.

"बस, एवढंच?" मी म्हटलं. "सरासर खोटं आहे."

"खोटंच आहे," मास्तर म्हणाले. "पण मिस्त्री, ती घडा उचलते ना, तिथी तो लेखक खोटं बोलून नाही राहिला."

मी झडप बसवली आणि घरी आलो. मला यात एवढं काय आहे ते समजलं नाही. आजही मला एवढंच समजतं, की माझ्या प्रभूला कोणी शेतात पुरलेला म्हणत असेल तर मला राग येईल, आणि यायलाच पाहिजे.

मास्तरांनी पुस्तक पुरं केलं. ते अर्धं सोडणाऱ्यांतले असते तर बरं झालं असतं, असं माझी घरची पुढे कितीदा म्हणाली. वासनिकला पुस्तक द्यायला गेले तेव्हा मी कपाटाचं कुलूप पाहत होतो. वासनिक म्हणाला, "कसं वाटलं, मास्तर?"

"मागच्या रांगेत ठेव गा हे," मास्तर म्हणाले. "ज्याच्या घरचं कोणी मेलं नाही त्यालेच देत जा."

वासनिकने पुस्तक मागच्या रांगेत सरकवलं. मग म्हणाला, "असं घर कुठी भेटन, मास्तर?"

पुढच्या रविवारी उपासना झाली आणि कोणी उठलं नाही. सगळे मास्तरांचं ऐकायला थांबले. गार्डसाहेब अर्जाचे कागद घेऊन तयार. मास्तर पुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. लेखकाला त्या देशाची माहिती नाही, इतिहास कच्चा आहे, आपल्या लोकांची टिंगल केली आहे ती बाजारू आहे. लोक माना डोलवत होते. मग म्हणाले, "पण सगळंच टाकाऊ नाही. त्यानं एका ठिकाणी आईचं दुःख लिहिलं आहे, ते मनापासून लिहिलं आहे."

गार्डसाहेबांचा हात वर गेला. "मास्तर, आम्हाले दुःख-बिःख नको. प्रभू उठला नाही असं तो म्हणते. ते खोटं आहे का नाही? एका शब्दात सांगा."

"खोटं आहे असं मी मानतो."

"मानतो म्हणजे?"

"मानतो. ठाऊक आहे असं मात्र म्हणवत नाही."

तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय झालं? डोलणाऱ्या माना थांबल्या. पाळकसाहेब घाईने म्हणाले, "म्हणजे मास्तरांचं म्हणणं असं, की विश्वास म्हणजेच..." पण गार्डसाहेब थांबणारे नव्हते. "इतके वर्ष कब्रस्थानात ओरडून राहिले ते काय मग? मानणं अन् ठाऊक असणं, काय फरक आहे?"

मास्तरांनी तेव्हा गप्प बसायला पाहिजे होतं. पण वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे जो माणूस नुसता पाहत राहायचा, तो स्वतःला कसा सोडणार? ते म्हणाले, "फरक आहे, गार्डसाहेब. माझी शालू कुठं आहे हे मी मानतो. ठाऊक असतं तर तिच्या आईला रोज रडू दिलं असतं का मी?"

बायकांच्या बाजूने बाक सरकल्याचा आवाज झाला. मास्तरीणबाई उठल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि कोणाकडे न पाहता बाहेर गेल्या. मास्तर मागे गेले नाहीत. तिथंच उभे राहिले, हात पुढे धरून, धुतल्यावर वाळवायला धरतात तसे.

अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, आणि त्याचा मला अजिबात पस्तावा नाही. मास्तर म्हणाले, "खोटं आहे असं आम्ही मानतो, असं लिहा, मी पहिली सही करतो." गार्डसाहेब म्हणाले, "असा अर्ज कलेक्टर फेकून देईन." तसाही तो कुठे गेला कोणाला कळलं नाही. बंदी आली नाही. कादंबरी आपोआप जुनी झाली. आज ती रद्दीतही दिसत नाही.

मंडळीने मास्तरांना बाहेर काढलं, असं आताची पोरं सांगतात. ते साफ खोटं आहे. कोणी काढलं नाही. ईस्टर जवळ आला तेव्हा पाळकसाहेब स्वतः त्यांच्या ओसरीवर आले. म्हणाले, "मास्तर, दोनच शब्द म्हणा, ठाऊक आहे. बाकी मी सांभाळतो. हाक तुमचीच."

मास्तर म्हणाले, "साहेब, ती हाक मानून देता येत नाही. पाहून आल्यासारखी द्यावी लागते. मी देऊन पाहिली काल, घरात. आली नाही."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरीणबाई दारात आल्या. पाळकसाहेबांसमोर त्या कधी बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हणा ना हो. तुम्हाले काय लागते म्हणायला?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी तिथंच होतो, अजून एक झडप राहिली होती.

त्या वर्षापासून हाक गार्डसाहेब द्यायला लागले. त्यांचा आवाज मोठा होता, पण तो प्लॅटफॉर्मवरचा आवाज. मास्तर रविवारी उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ आली की उठून घरी जायचे. शनिवारी चुना घेऊन मास्तरीणबाई माझ्या घरचीबरोबर कब्रस्थानात जायच्या, शालिनीची कबर स्वतः रंगवायच्या. निघताना दरवर्षी दारात थांबून विचारायच्या, "उद्या येता का?" मास्तर म्हणायचे, "तुम्ही जा." बस. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं. वेळेवर जेवण, वेळेवर चहा, आणि मधे रांजणाएवढं गार काहीतरी ठेवलेलं. ते बायकोला "शालूची आई" म्हणायचे ते मात्र कमी झालं. म्हणजे हाक मारायचेच कमी झाले.

ईस्टर संपवून बाई घरी यायच्या तेव्हा आता त्या ताठ नसायच्या. माझ्या घरचीला एकदा म्हणाल्या, "वं, गार्डसाहेब ओरडतात तेव्हा मले आगगाडी सुटल्यासारखं वाटते. अन् आपण राहून गेल्यासारखं."

अशी काही वर्षं गेली. मास्तर रिटायर झाले. पुस्तकं वाचायचं चालू होतं, हात धुणं चालू होतं, पण वाचल्यावर कोणाशी बोलायचे नाहीत. ते जुनं वाक्य कोणाला ऐकवायचे नाहीत. वासनिकने विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे."

मग मास्तरीणबाईंना छातीचा आजार झाला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने मास्तरांना बाजूला घेऊन सांगून टाकलं. मी त्या दिवशी माझ्या घरचीने दिलेला डबा घेऊन गेलो होतो. पंखा होता पण वारा नव्हता, खिडकीवर वाळ्याची ताटी कोरडी पडली होती. मी दारातच थांबलो, कारण बाई बोलत होत्या.

"मी शालूकडे चालली," त्या म्हणत होत्या. आवाज अगदी बारीक. "आता तरी सांगा. आहे ना ती तिथी?"

मास्तर खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. ते उठले. कोपऱ्यात हात धुवायची मोरी होती तिथे गेले. साबण लावला. मनगटापर्यंत. सावकाश धुतले, पंच्याला पुसले, आणि खिडकीच्या उन्हात तळवे धरून कोरडे केले. बाई उशीवरून पाहत होत्या. मग ते परत येऊन बसले, बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले,

"आहे. मले ठाऊक आहे, शालूची आई."

बाई पुष्कळ वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या. पूर्वी दोन भाकरींची गोष्ट सांगताना हसायच्या तशा. म्हणाल्या, "इतके वर्ष कुठं ठेवलं होतं हो?"

मी डबा दारात ठेवला आणि खाली आलो.

त्यांची पेटी मी सागाची केली. मास्तर एकदा येऊन फळीवरून हात फिरवून गेले. बाईंना शालिनीच्या शेजारी ठेवलं. मातीत मास्तरांनी मूठ टाकली तेव्हा गार्डसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मास्तरांनी तो राहू दिला.

मंडळीला वाटलं, आता मास्तर वापस आले. दवाखान्यात काय बोलले ते मी माझ्या घरचीला सांगितलं होतं, आणि तिला सांगितलं म्हणजे गड्डीगोदामला सांगितलं. पुढच्या ईस्टरच्या आधी गार्डसाहेब स्वतः जाऊन म्हणाले, "मास्तर, झेंडी घ्या हाती. माझा दम गेला आता."

मास्तर म्हणाले, "पाहू."

ईस्टरच्या दिवशी अंधारात मी कब्रस्थानाजवळ पोचलो तर मास्तर फाटकाबाहेर उभे. भिंतीला हात लावून. काळा कोट, टोपी काखेत. आत मेणबत्त्या लागत होत्या.

मी म्हटलं, "चला मास्तर. दोन्ही कबरींले चुना मारला आहे मी. मस्त दिसून राहिल्या."

ते जागचे हलले नाहीत.

"काहून? बाईले सांगितलं ना तुम्ही? ठाऊक आहे म्हणून?"

"सांगितलं गा," ते म्हणाले. "सांगताना मले खरंच ठाऊक होतं, का मी घडा उचलून पाण्याले गेलो, ते मलेच समजून नाही राहिलं, मिस्त्री. हे समजल्याबिगर आत जाऊन ओरडू कसा?"

मी चौथी शिकलेला माणूस. मी काय सांगणार? मला राग आला, खरं सांगतो. मला वाटलं, धरून ओढत न्यावं. पण ओढून नेलेला माणूस हाक कशी देणार? मी आत गेलो, पण फाटकाजवळच उभा राहिलो, तिथून मला ते दिसत होते.

पूर्वेकडे फटफटलं. गार्डसाहेबांनी हाक दिली. म्हातारे झाले होते, "प्रभू" म्हणेपर्यंत आवाज ठीक होता, पुढचं खोकल्यात गेलं. मंडळी क्षणभर थांबली, उत्तर द्यावं की नाही समजेना. त्या थांबलेल्या वेळात मी फाटकाबाहेर पाहिलं. मास्तरांनी मान वर केली होती. मग मंडळीने उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" आणि सगळीकडे रडणं, गाणं सुरू झालं. मी चहाचा पेला घेऊन बाहेर आलो तोवर मास्तर रस्त्याने निघून गेले होते. पाठमोरे दिसले, टोपी अजून काखेतच होती.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा भाचा त्यांना खापरखेड्याला वीजघराच्या वसाहतीत घेऊन गेला. तिथंच ते वारले. निरोप आम्हाला उशिरा मिळाला, पेटी दुसऱ्याच कोणी केली.

अजूनही मंडळीत कोणी ना कोणी मला विचारतं, मास्तर विश्वास धरून गेले का? त्या दिवशी बाहेर उभे होते तेव्हा त्यांनी उत्तर दिलं का? त्यांचे ओठ हलले का? तू तर पाहत होता.

हलले, असं मी मानतो.